आवाजाचे किमयागार : ऑर्सन वेल्स

नभोनाट्याला नेपथ्य नसते, वेशभूषा नसते आणि नटाचा चेहराही दिसत नाही. त्याचे सारे सामर्थ्य आवाजात साठवलेले असते. हे सामर्थ्य ज्यांनी अचूक ओळखले, त्यांत अमेरिकन नट व दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांचे नाव अग्रगण्य आहे.

त्यांचा जन्म ६ मे १९१५ रोजी विस्कॉन्सिन राज्यातील केनोशा येथे झाला. आई पियानोवादक असल्याने संगीताचे संस्कार बालपणीच झाले. परंतु नवव्या वर्षी आईचे आणि पंधराव्या वर्षी वडिलांचे छत्र हरपले. सोळाव्या वर्षी त्यांनी आयर्लंडमधील डब्लिनच्या रंगभूमीवर पाऊल ठेवले. मायदेशी परतल्यावर भारदस्त आवाजामुळे त्यांना रेडिओवर कामे मिळू लागली. १९३७ साली त्यांनी जॉन हाउसमन यांच्यासह 'मर्क्युरी थिएटर' ही संस्था स्थापन केली. पुढील वर्षी तिची नभोनाट्ये सीबीएस रेडिओवरून प्रसारित होऊ लागली.

३० ऑक्टोबर १९३८ रोजी इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स यांच्या कथेवरील 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' हे नभोनाट्य सादर झाले. मंगळावरील प्राण्यांनी पृथ्वीवर केलेले आक्रमण हा त्याचा विषय. ऑर्सन वेल्स यांनी त्याला बातमीपत्राचे रूप दिले. हॉटेलातील संथ नृत्यसंगीत सुरू असे आणि मध्येच बातमी येई. हे संगीत कंटाळवाणे वाटेल, असे सहकाऱ्यांचे मत होते. तरीही त्यांनी ते मुद्दाम लांबवले. त्या संथपणामुळेच पुढील बातम्या अधिक धक्कादायक वाटल्या. ध्वनिपरिणामांची जबाबदारी ओरा निकोल्स यांच्याकडे होती. स्वच्छतागृहात बरणीचे झाकण हळूहळू फिरवून अवकाशयान उघडल्याचा घुमणारा आवाज काढला गेला, असे सांगितले जाते. घटनास्थळावरून बोलणाऱ्या वार्ताहराचा आवाज एकाएकी तुटला आणि काही क्षण पूर्ण शांतता पसरली. कोणत्याही किंकाळीपेक्षा ती शांतता अधिक भयंकर ठरली.

हे नाटक असल्याची घोषणा आरंभीच झाली होती. तथापि उशिरा रेडिओ लावलेल्या काही श्रोत्यांना ते खरे वाटले. युरोपातील युद्धाच्या सावटामुळे खंडित कार्यक्रम आणि तातडीच्या बातम्या लोकांच्या परिचयाच्या झाल्या होत्या. वृत्तपत्रांनी देशभर घबराट उडाल्याचे छापले. ते वर्णन अतिरंजित होते, असे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले. दुसऱ्याच दिवशी वेल्स यांनी पत्रकारांसमोर खेद व्यक्त केला. श्रोत्याचा विश्वास हीच नभोवाणीची खरी शक्ती असते आणि ती वापरताना जबाबदारीही येते, हे या प्रसंगाने सर्वांच्या लक्षात आणून दिले.

रेडिओवरील हा अनुभव त्यांनी चित्रपटातही आणला. 'सिटिझन केन' या १९४१ सालच्या चित्रपटात प्रचंड वाड्यातील घुमणाऱ्या आवाजांतून नायकाचे एकाकीपण प्रकट होते.

१० ऑक्टोबर १९८५ रोजी लॉस एंजेलिस येथे त्यांचे निधन झाले. योग्य आवाज आणि योग्य क्षणीची शांतता मिळाली, तर श्रोत्याचे मन स्वतःच सारे दृश्य उभे करते, याची साक्ष त्यांचे कार्य आजही देते.