फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे चरित्र आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनी



बारावीचा निकाल लागला की नर्सिंगच्या शिक्षणाची चौकशी करणारे पालक आता शाळेत येऊ लागले आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. ए.एन.एम.चा दोन वर्षांचा किंवा जी.एन.एम.चा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केला म्हणजे मुलगी स्वतःच्या पायांवर उभी राहते, हे लोकांना पटू लागले आहे. तथापि दोन प्रश्न अजून पुष्कळांच्या मनात घोळत असतात. पालकांचा प्रश्न असा की, हे काम आपल्या घरच्या मुलीला शोभेल काय? आणि मुलींचा प्रश्न असा की, वॉर्डातील ड्यूटी, रात्रीची जागरणे आणि त्यातच परीक्षेचा अभ्यास, हे सारे आपल्याला झेपेल काय? या दोन्ही प्रश्नांना तोंड दिलेल्या एका स्त्रीचे चरित्र मी येथे थोडक्यात सांगणार आहे. तिचे नाव तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचलेले आहे. हातात दिवा घेतलेले तिचे चित्रही पाहिलेले आहे. परंतु तिने हे काम शिकण्यासाठी काय केले, ते पाठ्यपुस्तकाच्या एका पानात मावत नाही.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी झाला. त्या शहराचेच नाव तिला मिळाले. घराणे इंग्रज आणि अत्यंत श्रीमंत होते. वडिलांनी दोन्ही मुलींना घरीच लॅटिन, ग्रीक, इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकविले. फ्लॉरेन्सला गणिताची विशेष गोडी होती. चांगले स्थळ पाहून मुलीचे लग्न करून द्यावे, एवढीच आईची अपेक्षा होती. मुलीच्या मनात मात्र रुग्णसेवा करावी असे होते. १८४५ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, सॉल्सबरीच्या रुग्णालयात काही महिने राहून काम शिकण्याची परवानगी तिने मागितली. घरात एकच कल्लोळ झाला आणि परवानगी नाकारली गेली.

पालकहो, तिच्या आईवडिलांना सर्वस्वी दोष देता येणार नाही. त्या काळी इंग्लंडमधील रुग्णालये घाण असत. तेथे काम करणाऱ्या बायका बहुधा अशिक्षित असत आणि त्यांपैकी अनेकींना दारूचे व्यसन असे. कोणत्या आईबापांनी आपली मुलगी तेथे पाठविली असती? त्यांची भीती खरी होती. परंतु मुलीला घरी बसविल्याने रुग्णालये सुधारली नसती, आणि मुलीच्या मनातली ओढही कमी झाली नाही.

नकार मिळाल्यावर फ्लॉरेन्स रुसून बसली नाही. पहाटे, घरची मंडळी उठण्यापूर्वी, दिवा लावून ती रुग्णालयांचे अहवाल आणि सरकारी आरोग्यपत्रके वाचू लागली. कोठे किती खाटा, किती रुग्ण, किती मृत्यू, हे तिने वह्यांत टिपून ठेवले. असा अभ्यास तिने अनेक वर्षे केला. विद्यार्थिनींनो, प्रवेश मिळेपर्यंतचा काळ वाया जातो असे मानू नका. शरीरशास्त्राची ओळख, इंग्रजीचा सराव, टक्केवारी आणि प्रमाणाची गणिते, हे घरी बसून होण्यासारखे आहे. औषधाची मात्रा काढताना हेच गणित पुढे उपयोगी पडते.

अखेर १८५१ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, जर्मनीतील कायझर्सवेर्थ येथील संस्थेत तिला सुमारे तीन महिने शिकण्यास मिळाले. तेथे पहाटे पाचला उठावे लागे. जेवण साधे असे आणि जेवणासाठी दिलेला वेळ अगदी थोडा असे. घरी नोकरचाकरांच्या हाताखाली वाढलेली ही मुलगी तेथे रुग्णांची अंगे पुशीत होती, जखमा बांधीत होती. नर्सिंग शाळेच्या पहिल्या महिन्यांत तुमच्यापैकी काहींना बेडपॅन उचलताना किंवा पू पाहताना मळमळेल, घरची आठवण येईल. त्यावरून आपण या कामास नालायक आहोत असा निष्कर्ष काढू नका. हाताला सवय होईपर्यंत थांबावे लागते. जी गोष्ट जमत नाही ती सिस्टरला पुन्हा करून दाखविण्यास सांगावी, त्यात कमीपणा नाही.

१८५३ साली लंडनमधील हार्ले स्ट्रीटवरच्या एका लहान रुग्णालयाची व्यवस्था तिच्याकडे आली. वडिलांनी आता विरोध सोडून तिला वर्षाला ५०० पौंड लावून दिले होते. तेथे तिने गरम पाणी नळाने वरच्या मजल्यांपर्यंत नेण्याची, रुग्णांचे जेवण वर चढविण्यासाठी यांत्रिक पाळण्याची, आणि कोणत्या रुग्णाने घंटा वाजविली ते परिचारिकेस तत्काळ दिसेल अशी सोय मागितली. जिन्यावरच्या निरर्थक फेऱ्यांत परिचारिकेची शक्ती खर्च झाली तर रुग्णाच्या वाट्याला काय उरणार, हा तिचा हिशेब होता. ड्यूटीवर जाताना तुम्हीही हा हिशेब करा. ड्रेसिंगला बसण्यापूर्वी लागणारे सर्व साहित्य ट्रेमध्ये आहे की नाही ते पाहून घेतले म्हणजे धावपळ वाचते, आणि उघडी जखम तशीच टाकून उठावे लागत नाही.

पुढच्या वर्षी क्रिमियाच्या युद्धातील इंग्रज जखमींचे हाल वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. २१ ऑक्टोबर १८५४ रोजी ३८ परिचारिकांसह फ्लॉरेन्स निघाली आणि ४ नोव्हेंबरला तुर्कस्तानात, इस्तंबूलसमोरच्या काठावरील उस्कुदार येथे पोहोचली. इंग्रज त्या गावाला स्कूटारी म्हणत. तुर्की सैन्याच्या सेलिमिये बराकीत तेथे रुग्णालय केले होते. खाटा एकमेकींना खेटून होत्या. पाट्या, टॉवेल, साबण, झाडू, कशाचाच पत्ता नव्हता. त्यातच तेथल्या डॉक्टरांना या बायका नको होत्या. फ्लॉरेन्सने वाद घातला नाही. डॉक्टरांनी बोलाविल्यावाचून कोणीही रुग्णाला हात लावू नये असे तिने आपल्या परिचारिकांना बजावले आणि पट्ट्या शिवण्यास बसविले. थोड्याच दिवसांत जखमींची रीघ लागली, आणि त्याच डॉक्टरांनी मदत मागितली. ज्या परिचारिका शिस्त पाळीनात त्यांना मात्र तिने परत पाठविले.

मग तिने घासण्याचे ब्रश मागविले, कपडे धुण्यासाठी घर भाड्याने घेऊन तेथे पाणी तापविण्याची सोय केली आणि सैनिकांच्या बायकांना त्या कामावर लावले. पथ्याचे जेवण शिजविण्यासाठी वेगळी स्वयंपाकघरे काढली. रात्री हातात दिवा घेऊन ती वॉर्डांतून फिरे. तो दिवा चित्रकार दाखवितात तसा नव्हता, तर घडी घालता येणारा तुर्की कंदील, फानूस, होता.

इतकी सेवा होऊनही मृत्यू थांबले नाहीत, हे सहसा सांगितले जात नाही. त्या पहिल्या हिवाळ्यात स्कूटारीत चार हजारांहून अधिक सैनिक मरण पावले. फेब्रुवारी १८५५ मध्ये उपचार घेणाऱ्या शंभर रुग्णांमागे सुमारे ४२ दगावत होते, आणि त्यांतील बहुतेक जखमांनी नव्हे तर हगवण, कॉलरा, टायफस अशा रोगांनी. बराक तुंबलेल्या गटारांवर उभी होती. मार्च १८५५ मध्ये इंग्लंडहून आरोग्य आयोगाची माणसे आली. त्यांनी गटारे उपसली, पाण्याची वाट स्वच्छ केली, भिंतींना चुना दिला, हवा खेळती केली. जूनपर्यंत मृत्यूंचे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास आले.

१८५६ साली मायदेशी परतल्यावर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या साहाय्याने फ्लॉरेन्सने सारे आकडे पुन्हा तपासले. आघाडीवरच्या रुग्णालयांपेक्षा आपल्याच रुग्णालयात माणसे अधिक मेली, हे तिला दिसून आले. किती मोठा हा धक्का असेल! तिने ते आकडे दडपले नाहीत. १८५८ साली रंगीत आकृत्या काढून तिने ते सरकारपुढे मांडले. त्याच वर्षी लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने तिला सभासद करून घेतले. संस्थेची ती पहिली स्त्री सभासद होय. हिंदुस्थानात ती कधीच आली नाही. पण १८५९ साली हिंदुस्थानातील सैन्याच्या आरोग्यासाठी नेमलेल्या आयोगासाठी तिने येथील छावण्यांना छापील प्रश्नावल्या पाठवून पाणी, गटारे आणि मृत्यू यांची माहिती गोळा केली.

विद्यार्थिनींनो, या भागावर जरा थांबा. दया हवीच, पण कळवळ्याने केलेली सेवासुद्धा ज्ञानावाचून अपुरी पडते, हे स्कूटारीत दिसले. म्हणूनच तुम्हाला तीन-तीन वर्षे शिकवितात. चार्टवर ताप, नाडी, लघवीचे प्रमाण लिहिताना कंटाळा येतो, अंदाजाने आकडा टाकण्याचा मोह होतो. तसे कदापि करू नका. पाहिले तेच लिहा, वेळ घालून लिहा. हातून चूक झाली तर ती लपवू नका, ताबडतोब सिस्टरला सांगा. लपविलेली चूक रुग्णाच्या जिवावर बेतते.

लोकांनी कृतज्ञतेने जमविलेल्या सुमारे ४५,००० पौंडांच्या निधीतून १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नाइटिंगेल परिचारिका विद्यालय सुरू झाले. पहिल्या तुकडीत १५ विद्यार्थिनी होत्या. राहण्याची स्वतंत्र सोय, गणवेश, थोडे विद्यावेतन आणि वर मेट्रनची देखरेख होती. पालकांची जी भीती १८४५ साली खरी होती, तिचे उत्तर या व्यवस्थेत होते. जखमा बांधणे, जळवा लावणे, हलू न शकणाऱ्या रुग्णाला कुशीवर वळविणे, शय्याव्रण होऊ न देणे, पेज करणे, नाडी, श्वास, झोप आणि भूक यांचे निरीक्षण करणे, हे सारे तेथे शिकवीत. वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा आणि टापटीप यांची नोंद मेट्रन दरमहा करी.

तरीही पुढे बाराएक वर्षांनी फ्लॉरेन्सला आढळले की, विद्यार्थिनींकडून वॉर्डातले काम भरपूर करून घेतले जाते आणि शिकविणे मात्र वरवर होते. तेव्हा वसतिगृहात एक सिस्टर नेमून, व्याख्यानांची टिपणे तपासण्याची व उजळणी घेण्याची व्यवस्था करण्यात आली. तुमच्यावरही ही वेळ येईल. दिवसभर काम करून अंग मोडून जाईल आणि पुस्तक उघडवणार नाही. त्यासाठी एक साधा उपाय आहे. ज्या दिवशी जो रोगी पाहिला, त्याच रात्री त्या रोगाचे पान वाचावे, भले अर्धा तास का होईना. डोळ्यांसमोर रोगी असला की धडा लवकर पाठ होतो. दोघी-तिघी मैत्रिणींनी मिळून एकमेकींना प्रश्न विचारावेत. आणि नवे ज्ञान नाकारू नये. रोग दूषित हवेने होतात अशी फ्लॉरेन्सची समजूत होती. जंतूंचे शास्त्र नंतर पुढे आले. परंतु परिचारिकेने दिवसातून अनेकदा हात धुवावेत हे तिने आपल्या पुस्तकात सांगितले होते, आणि ते आजही खरे आहे.

एका बाबतीत मात्र तिचे अनुकरण करू नका. मे १८५५ मध्ये तिला क्रिमियात कडक ताप आला आणि त्यातून ती पूर्ण बरी कधीच झाली नाही. पुढची कित्येक वर्षे तिने अंथरुणावरूनच काम केले. तुम्ही नाइट ड्यूटीनंतर झोप घ्या, उपाशीपोटी वॉर्डात जाऊ नका, लसी वेळेवर टोचून घ्या.

१९०७ साली ब्रिटिश राजाने तिला ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान दिला. तो मिळविणारी ती पहिली स्त्री होती. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, ती निवर्तली. तिच्या इच्छेप्रमाणे गावच्या दफनभूमीत साधेपणाने दफन झाले. थडग्यावर पूर्ण नावही नाही, फक्त आद्याक्षरे आणि तारखा आहेत. तिचा जन्मदिवस, १२ मे, जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो.

पालकहो, मुलीने नर्सिंगला जायचे म्हटले तर नकार देण्यापूर्वी एकदा त्या विद्यालयात स्वतः जाऊन या. परिषदेची मान्यता आहे का ते विचारा, वसतिगृह पाहा, मेट्रनशी बोला. मन साशंक असेल तर तेथेच शंका विचारा. फ्लॉरेन्सच्या आईवडिलांना होकार देण्यास कित्येक वर्षे लागली. आपल्या मुलीला तितकी वाट पाहावयास लावू नका. आणि ज्या मुली व मुलगे यंदा या शिक्षणाला जात आहेत, त्यांनी पहिल्या वर्षाच्या कष्टांना भिऊन परत येऊ नये. त्या सर्वांना माझ्या मनःपूर्वक शुभेच्छा.