पंडिता रमाबाई आणि मराठी बायबल

धर्मग्रंथ कोणी वाचावा आणि त्याचा अर्थ कोणी लावावा, हा प्रश्न सर्वच धर्मांच्या इतिहासात उभा राहिलेला आहे. पंडिता रमाबाईंच्या वाट्याला तो जन्मापासूनच आला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांचे गुरू दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकवीत असत. ते पाहून अनंतशास्त्र्यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविण्याचे ठरविले. त्यापायी त्यांना लोकनिंदा सोसावी लागली आणि अखेर पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात आश्रम करून राहावे लागले. तेथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. विद्येचे पहिले पाठ त्यांना आईकडून मिळाले.

पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडले. १८७४ नंतरच्या दुष्काळाच्या वर्षांत आई, वडील व थोरली बहीण यांचा अंत झाला. रमाबाई व बंधू श्रीनिवास पायी प्रवास करीत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या देऊन गौरविले. परंतु ज्या शास्त्रांत त्या पारंगत होत्या, त्याच शास्त्रांनी स्त्रीला वेदाध्ययन निषिद्ध ठरविले होते. केशवचंद्र सेन यांनी वेदाची प्रत हाती देऊन वाचनास उत्तेजन दिले, तेव्हा त्यांनी ते बंधन मोडले.

१८८० मध्ये बंधू गेले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. परंतु १८८२ च्या आरंभी पतीही पटकीने गेले आणि त्या तान्ह्या मनोरमेसह एकाकी पडल्या. पतीच्या ग्रंथसंग्रहात त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली होती. ख्रिस्ती धर्माशी त्यांचा परिचय वाढला तो असा, मातृभाषा नसलेल्या पण समजणाऱ्या एका भाषेतील छोट्या पुस्तकातून. पुण्यात आल्यावर त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला आणि १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेज येथील अँग्लिकन भगिनीसंघाच्या आश्रयाने त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

खरा संघर्ष येथून सुरू झाला. चर्चने ठरविलेली तत्त्वे विनाप्रश्न स्वीकारावीत, अशी भगिनीसंघाची अपेक्षा होती. रमाबाईंना मात्र त्रैक्याच्या सिद्धांतासारख्या गोष्टी बायबलच्या आधारे तपासून घ्यावयाच्या होत्या. इंग्लंडात एकाच ग्रंथाचा आधार घेणारे अनेक पंथ परस्परांशी वाद घालताना त्यांना दिसले. त्यांतील कोणा एकाच्या आज्ञेपेक्षा मूळ ग्रंथ आणि स्वतःची सदसद्विवेकबुद्धी त्यांनी प्रमाण मानली. आपल्या धर्मगुरु सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांनी पत्रांतून केलेला वाद प्रसिद्धच आहे. त्यांत आदर आहे, पण शरणागती नाही. ब्राह्मणांचे नियंत्रण झुगारलेल्या या स्त्रीला बिशपांचे नियंत्रणही मान्य नव्हते.

१८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले व पुढल्या वर्षी ते पुण्यास आणले. विधवांच्या शिक्षणासाठी निघालेल्या या संस्थेत धर्मप्रसार होतो, असा आरोप १८९३ मध्ये झाला. न्या. रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक दूर झाले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. सुधारकांचा हा दुरावा रमाबाईंना सोसावा लागला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो अनाथ स्त्रिया व मुली आणल्या, आणि केडगावचे मुक्ती सदन वाढत गेले. निजामाच्या राज्यात गुलबर्ग्यास काढलेल्या शाळेचा भार पुढे मनोरमेने उचलला.

या स्त्रियांसाठीच बायबलच्या नव्या भाषांतराची निकड त्यांना वाटली. मराठी बायबल नवे नव्हते. नव्या कराराची मराठी आवृत्ती श्रीरामपूरहून १८११ सालीच निघाली होती आणि पुढे मुंबईतील मिशनऱ्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणले होते. परंतु प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातून आलेल्या, नुकतेच अक्षर ओळखू लागलेल्या बाईस दुर्बोध होते, असे रमाबाईंचे मत होते. शिवाय हिंदू तत्त्वज्ञानाचा अर्थ चिकटलेले शब्द मूळ आशयाला वेगळे वळण देतात, असेही त्यांना वाटे. म्हणून उतारवयात त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि सुमारे १९०५ पासून मूळ भाषांवरून भाषांतर करू लागल्या. ज्यांची कीर्ती संस्कृतवर उभी होती, त्यांनीच संस्कृत शब्द वेचून बाजूला काढावेत, हा त्यागही लहान नव्हे.

खिळे जुळविणे, छपाई, बांधणी ही कामे केडगावच्या छापखान्यात आश्रमातील स्त्रियाच करीत. बहिरेपण व आजार असूनही काम चालू राहिले. जुलै १९२१ मध्ये मनोरमा निवर्तली, तरी ते थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला, तेव्हा भाषांतर पुरे झाले होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर आला.

हे भाषांतर मराठी चर्चमध्ये सर्वमान्य झाले नाही. मुळाशी अतिनिष्ठ राहिल्याने त्याची वाक्यरचना जागोजागी अवघडते, आणि परिचित शब्द टाळल्यामुळे ते कित्येकांना परके वाटले. तरीही एका स्त्रीने मूळ भाषांवरून केलेले संपूर्ण बायबलचे भाषांतर ही जगाच्या इतिहासातही विरळ घटना आहे. वडिलांनी आईच्या हाती पोथी दिली होती; लेकीने ती परंपरा दुष्काळातून वाचलेल्या अनाम स्त्रियांपर्यंत नेली. वाचनाचा अधिकार सर्वांचा, हे मानणाऱ्या प्रत्येक ग्रंथालयाने रमाबाईंचे हे ऋण स्मरणात ठेवावयास हवे.