एका मताने हुकलेले अध्यक्षपद

अमेरिकेच्या इतिहासात जिंकलेल्यांची चरित्रे पुष्कळ. मला मात्र हरलेल्या सॅम्युएल टिल्डनची कथा अधिक ओढ लावते.

1814 साली न्यूयॉर्क राज्यातील न्यू लेबनॉन येथे जन्मलेला हा गृहस्थ प्रकृतीने तोळामासा आणि आजन्म अविवाहित. रेल्वे कंपन्यांच्या वकिलीत त्याने अमाप पैसा मिळवला. ट्वीडच्या टोळीने न्यूयॉर्क शहराची तिजोरी लुटली, तेव्हा बँकेच्या खातेवह्या चाळून पैसा कोठे मुरला हे त्याने दाखवून दिले. त्या कीर्तीवर तो 1875 मध्ये गव्हर्नर झाला आणि 1876 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार.

जनतेची मते त्याला सुमारे अडीच लाखांनी अधिक पडली. पण तिथे निकाल ठरतो निर्वाचकांच्या मतांवर. हवी होती 185. टिल्डनची 184 निर्विवाद, हेजची 165. उरलेल्या 20 मतांवर वाद. फ्लोरिडा, लुइझियाना व दक्षिण कॅरोलायना येथून दोन-दोन याद्या आल्या. ऑरेगनमधील एका निर्वाचकाच्या पात्रतेचा तंटा वेगळाच. हात कोणाचेच स्वच्छ नव्हते : एकाने मतपत्रिका बाद केल्या, दुसऱ्याने निग्रो मतदारांना दहशतीने घरी बसवले. मते मोजावीत कोणी? घटनेत तेथे नेमका कर्मणी प्रयोग आहे, कर्ता गायब!

जानेवारी 1877 मध्ये काँग्रेसने पंधरा जणांचा आयोग नेमला : पाच सिनेटर, पाच प्रतिनिधी, पाच न्यायाधीश. दोन्ही पक्षांचे सात-सात. पंधरावे तटस्थ न्यायमूर्ती डेव्हिस असावेत ही अपेक्षा. इलिनॉयच्या विधिमंडळाने त्यांनाच सिनेटवर निवडून दिले! त्यांच्या जागी ब्रॅडली आले, आणि प्रत्येक वादाचा निकाल हेजच्या बाजूने आठ विरुद्ध सात लागला. 2 मार्चला हेज 185–184 असे विजयी.

अनुयायी हातघाईची भाषा करीत होते, तेव्हा टिल्डन मतमोजणीचे जुने दाखले गोळा करीत बसला होता. काही जण याला भित्रेपणा म्हणतात. यादवी संपून जेमतेम बारा वर्षे झालेल्या देशात मला तो शहाणपणा वाटतो. खरी किंमत मोजली दक्षिणेतील निग्रोंनी. त्यांना आधार असलेले सैन्य मागे घेतले गेले.

राज्याने आपल्या कायद्याने वेळेत मिटवलेला वाद बंधनकारक मानावा, असा कायदा 1887 साली झाला. 2022 मध्ये त्यात सुधारणा होऊन उपराष्ट्राध्यक्षांचे काम केवळ औपचारिक ठरले. टिल्डन मात्र 1886 मध्येच वारला होता. सार्वजनिक ग्रंथालयासाठी ठेवलेल्या त्याच्या संपत्तीवर नातलगांनी दावा लावला आणि कोर्टात जिंकलेही. तडजोडीने वाचलेल्या रकमेतून 1895 मध्ये न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाला हातभार लागला. फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरील त्याच्या इमारतीच्या दर्शनी भागावर टिल्डनच्या न्यासाचे नाव कोरलेले आहे.