‘गूगी’ शैलीचे जनक जॉन लॉटनर

अमेरिकेतील मिशिगन राज्यात १६ जुलै १९११ रोजी जन्मलेले जॉन लॉटनर हे विख्यात वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांचे शिष्य. १९४९ मध्ये त्यांनी लॉस एंजेलिसमधील सनसेट बुलेव्हार्डवर ‘गूगीज’ हे कॉफीगृह उभारले. तिरके झेपावणारे छत, प्रशस्त काचा आणि मोटारीतूनही नजरेत भरणारी पाटी यांमुळे ते भविष्यकाळातील वास्तू भासे. १९५२ मध्ये डग्लस हॅस्केल यांनी एका लेखात या धाटणीला उपहासाने ‘गूगी’ म्हटले. नाव रूढ झाले. मात्र लॉटनर यांच्या प्रतिष्ठेला त्याची झळ बसली. पुढे एकाच खांबावर तोललेल्या ‘केमोस्फिअर’ या घराने त्यांची प्रतिभा सिद्ध केली. ‘गूगीज’ १९८९ मध्ये पाडण्यात आले आणि २४ ऑक्टोबर १९९४ रोजी लॉटनर निवर्तले. हेटाळणीचा तो शब्द मात्र आज वास्तुकलेच्या इतिहासात मानाने नांदतो आहे.