जळालेल्या प्रदर्शनाचा चित्रकार

सिल्लोडहून जळगावच्या रस्त्याला लागले, की घाट उतरण्याआधी अजिंठा गाव येते. लेण्यांकडे निघालेल्या बहुतेक गाड्या तेथे न थांबता घाटाला लागतात. लेणी गाजली ती या गावाच्या नावाने. पण ती आहेत घाटाखाली, सोयगाव तालुक्यात. सिल्लोड तालुक्यातल्या या जुन्या गावाच्या वाट्याला आला तो एक गोरा चित्रकार, रॉबर्ट गिल.

गिलचा जन्म 1804 सालचा, लंडनचा. मद्रासच्या 44व्या देशी पलटणीत तो अधिकारी होता. जॉन स्मिथने 1819 मध्ये लेणी पाहिली, त्याला आता पंचवीस वर्षे होत आली होती आणि भिंतीवरची चित्रे दिवसेंदिवस झडत होती. ती नाहीशी होण्याआधी त्यांच्या नकला करून घ्याव्यात म्हणून कंपनीने 1844 मध्ये गिलला नेमले. मुलूख निजामाचा, लेण्यांत वटवाघळे आणि रानात वाघ! गिल शिकारीतही पटाईत होता म्हणून बरे.

काम सोपे नव्हते. अजिंठ्याचे चित्र म्हणजे थरावर थर. आधी खडकावर तूस आणि गवत मिसळलेल्या मातीचा लेप, त्यावर चुन्याचा पातळ हात, मग गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि अफगाणिस्तानातून आलेला लाजवर्दी निळा. भिंतींवर जातककथा आहेत. पहिल्या लेण्याच्या छतावर मात्र गोष्ट शोधू नये. तेथे चौकटीला लागून चौकट, आणि त्यांत कमळे, हंस, फळे, वेली. आजच्या एखाद्या अमूर्त चित्रकाराने हेवा करावा अशी ती रंगांची आणि आकृतींची वीण आहे. मूळ रंग बिनचकाकीचे, मऊ. गिलने ते अंधारात डोळे ताणून कॅनव्हासवर तैलरंगात उतरवायचे होते. तैलरंगात तो मऊपणा येणे कठीणच, असे आपले मला वाटते.

तरी तो जवळजवळ वीस वर्षे खपला. तिसाच्या आसपास मोठी चित्रे त्याने विलायतेला धाडली. मधल्या काळात कॅमेरा हाती घेतला. त्याची छायाचित्रे जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह 1864 मध्ये पुस्तकरूपाने निघाली.

चित्रे लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये, त्या काचेच्या प्रचंड महालात, प्रदर्शनात लागली. अजिंठा कोठे आहे हे ठाऊक नसलेल्या माणसांनी ती पाहिली. 30 डिसेंबर 1866 रोजी महालाला आग लागली आणि भिंतीवर टांगलेली चित्रे भस्म झाली. वाचली ती प्रदर्शनात न लावलेली चारपाच! ती आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

गावात मात्र गिलचे नाव निघते ते पारोसोबत. ना. धों. महानोरांचे ‘अजिंठा’ काव्य आणि 2012 मधला चित्रपट यांनी ती घराघरांत पोचली. दंतकथा पुष्कळ आहेत. खरे-खोटे करायला कागद फार थोडे. गिलची बायकामुले होती, हेही त्या कथांत मागे पडते. पण अजिंठा गावात पारोची कबर आहे आणि तिच्यावर 23 मे 1856 ही तारीख कोरलेली आहे. म्हणजे चित्रे जळाली तेव्हा ती जाऊन दहा वर्षे झाली होती. दोन्ही दुःखे त्याने निरनिराळी सोसली.

साठी उलटलेल्या माणसाने यानंतर काय करावे? गिलने रंगसाहित्य पुन्हा मागितले आणि तो परत त्याच भिंतींसमोर उभा राहिला. 1872 पासून मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन तेथे नकला करू लागले. दुर्दैव असे, की त्यांच्याही बऱ्याच नकला 1885 मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या.

ते पाहायला गिल नव्हता. एप्रिल 1879 मध्ये तो खूप आजारी पडला. त्याला भुसावळला नेत असतानाच मृत्यू आला. भुसावळच्या जुन्या युरोपियन दफनभूमीत त्याला पुरले. पारोची कबर घाटावर राहिली.