जॉन हॉलंड : पाणबुडीला दोन यंत्रे देणारा शाळामास्तर

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील लिस्कॅनर या गावी १८४१ साली जन्मलेल्या जॉन फिलिप हॉलंड यांचे बालपण दुष्काळाच्या छायेत गेले. वडील ब्रिटिशांच्या किनारा-गस्तीत नोकरीस होते. मुलाच्या मनात मात्र त्या सत्तेविषयी अढी बसली. दृष्टी अधू असल्याने दर्यावर्दी होणे शक्य नव्हते, म्हणून ते शिक्षक झाले. १८७३ मध्ये अमेरिकेत गेल्यावर पॅटरसन येथेही त्यांनी शाळेतच नोकरी धरली. बलाढ्य ब्रिटिश आरमाराला दुबळ्याने कसे गाठावे, हा विचार मात्र सुटला नाही.

१८७५ मध्ये अमेरिकी नौदलाने त्यांचा आराखडा नाकारला. मग आयरिश क्रांतिकारक फेनियनांनी पैसा पुरवला आणि १८८१ मध्ये ‘फेनियन रॅम’ पाण्यात उतरली. पुढे पैशांवरून बेबनाव होऊन फेनियनांनी ती नौका रातोरात ओढून नेली. ती चालवणे त्यांना जमले नाही आणि दुखावलेल्या हॉलंडनी मदत केली नाही.

खरा पेच हवेचा होता. इंधनाच्या यंत्राला हवा लागते आणि पाण्याखाली ती नसते. स्पेनच्या इसाक पेराल यांची १८८८ची पाणबुडी केवळ बॅटरीवर चाले. पण ती उतरली की पुन्हा भरण्याची सोय नौकेत नव्हती. हॉलंडनी आपल्या सहाव्या नौकेत दोन्हींची सांगड घातली. पृष्ठभागावर पेट्रोल-यंत्राने नौका चालवायची, त्याच यंत्राने बॅटरी भरायची आणि बुडी मारल्यावर विजेच्या मोटारीवर सरकायचे. त्याच सुमारास नौदलाच्या हट्टापायी बांधलेली वाफेवरची ‘प्लंजर’ बॉयलरच्या असह्य उष्णतेने वाया गेली. तज्ज्ञ समित्यांपेक्षा शाळामास्तराची समज इथे सरस ठरली, असेच म्हणावे लागेल. पेट्रोलची वाफ बंद नौकेत घातक असल्याने पुढे तिथे डिझेल आले. मांडणी मात्र टिकली. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या कलवरी वर्गाच्या सहा पाणबुड्याही मूलतः याच तत्त्वावर चालतात.

१८९७ मध्ये जलावतरण झालेली ही सहावी नौका अमेरिकी नौदलाने ११ एप्रिल १९०० रोजी दीड लाख डॉलरना घेतली. लांबी सुमारे १६ मीटर, खलाशी सहा. तोवर भांडवलदारांची इलेक्ट्रिक बोट कंपनी उभी राहिली होती. हॉलंड तिथे पगारी नोकर उरले आणि १९०४ मध्ये बाहेर पडले. कंपनीने त्यांचे आराखडे ज्यांना विकले, त्यांत खुद्द ब्रिटन होते. ब्रिटिश नौदलाची पहिली पाणबुडी १९०१ मध्ये पाण्यात उतरली, तीही ‘हॉलंड’ याच नावाने.

१२ ऑगस्ट १९१४ रोजी न्यूअर्क येथे त्यांचे निधन झाले. महायुद्धात ब्रिटन उतरून तेव्हा आठ दिवस झाले होते. २२ सप्टेंबरच्या सकाळी जर्मनीच्या यू-९ या पाणबुडीने उत्तर समुद्रात तीन ब्रिटिश क्रूझर एकामागून एक बुडवल्या आणि १,४००हून अधिक माणसे गेली. त्या पाणबुडीच्या पोटातही यंत्रे दोन प्रकारचीच होती : पृष्ठभागासाठी रॉकेलवरची, पाण्याखाली विजेची.