राजा रविवर्मा

राजा रविवर्मा (२९ एप्रिल १८४८ – २ ऑक्टोबर १९०६) हे तैलरंगातील वास्तववादी व्यक्तिचित्रांसाठी ख्यातकीर्त असलेले भारतीय चित्रकार होत. त्यांचा जन्म त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. चित्रकलेचे आरंभीचे धडे त्यांना मामा राजराज वर्मा यांनी दिले. १८६२ मध्ये ते तिरुवनंतपुरम येथे आयिल्यम तिरुनाळ महाराजांच्या आश्रयास आले.

तैलरंग त्या काळी दक्षिणेत नवे होते. दरबारी चित्रकार रामस्वामी नायकर यांना ते तंत्र अवगत होते. परंतु होतकरू प्रतिस्पर्ध्याला ते शिकवण्यास त्यांनी नकार दिला. त्यांचा शिष्य आरुमुगम पिळ्ळै रात्री गुपचूप येऊन रविवर्म्यांना माहिती देत असे, असे चरित्रकार सांगतात. १८६८ मध्ये मूळचे डॅनिश चित्रकार थिओडोर जेन्सन दरबारात आले. त्यांनीही आपले काम पाहू देण्यापलीकडे काही शिकवले नाही. जलरंग लवकर वाळतो. तैलरंग दीर्घकाळ ओला राहतो, म्हणून त्वचेच्या छटा एकमेकींत मिसळता येतात आणि आधी छाया बसवून तीवर उजेड चढवता येतो. वास्तविक ही विद्या गुरूजवळ बसून घ्यावयाची. रविवर्म्यांना ती पाहून आणि चुकत चुकत मिळवावी लागली.

१८७३ मध्ये मद्रासच्या प्रदर्शनात केशभूषा करणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्रास सुवर्णपदक लाभले. त्याच वर्षी व्हिएन्ना येथेही त्यांचा गौरव झाला. पुढे संस्थानिकांकडून व्यक्तिचित्रांची मागणी वाढत गेली. मोत्यांचे पाणी, जरीची झळाळी आणि रेशमाची घडी रंगवण्यात त्यांची बरोबरी करणारा समकालीन भारतीय चित्रकार क्वचितच आढळेल.

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांसाठी त्यांनी चौदा पौराणिक चित्रे रंगवली. त्यांच्या अनेक नायिका नऊवारी नेसलेल्या दिसतात, ही महाराष्ट्राशी असलेल्या संबंधाची खूण होय. यांतील काही प्रसंग नाटकी वाटतात. व्यक्तिचित्रांत मात्र हा दोष सहसा जाणवत नाही.

१८९४ मध्ये मुंबईत गिरगाव येथे त्यांनी शिळामुद्रण छापखाना काढला. त्यातील देवदेवतांची चित्रे घरोघरी पोहोचली, पण व्यवहार तोट्यात गेला. लोणावळ्यानजीक मळवली येथे हलवलेला छापखाना अखेर फ्रित्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञास विकावा लागला.

धाकटे बंधू सी. राजराज वर्मा हे त्यांचे प्रवासातील व चित्रकामातील सोबती. निसर्गचित्रणात ते स्वतः निपुण होते, आणि त्यांच्या दैनंदिनीमुळेच या दोघांच्या कामाची पद्धत आज कळते. १९०५ च्या आरंभी त्यांचे निधन झाले. रविवर्मा त्यानंतर दोन वर्षेही जगले नाहीत. किळिमानूर येथेच त्यांचा मृत्यू झाला.